डब्याची चिंधी

परभणी
बुधवार, ३ सप्टेंबर १९५८

पोखर्णीच्या ज्या ज्या घरातून सकाळच्या मोटारीवर भाकरीचा डबा चढतो, त्या घरांतल्या सर्व आयाबहिणींना,

हे पत्र मी माझ्या दैवशालाअक्काच्या रिकाम्या डब्यात घालून पाठवतो आहे, पण ते तिच्या एकटीचं नाही. अक्का, मनकर्णाकाकूंच्या ओसरीवर बायांना जमव आणि मोठ्यानं वाच.

तुम्ही कोंबडं आरवायच्या आत उठता. धुरानं डोळे चुरचुरेपर्यंत भाकरी थापता. जर्मनच्या डब्याच्या कडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधता, म्हणजे परभणीच्या अड्ड्यावर डब्यांच्या ढिगातून पोराला आपला डबा ओळखू यावा. मोटार धुरळा उडवत गेली की तुम्हाला वाटतं, पोटाला लागलं लेकराच्या. तो डबा कुठं उघडला जातो, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. पोरं सांगत नाहीत. मी सांगतो. सायकली ठेवायच्या पत्र्याखाली.

कॉलेजला भोजनगृह आहे. शहाबादी फरशी, पट्ट्या, पाण्याचे रांजण, सगळं आहे. दारावर पाटी आहे, "बाहेरचे अन्न आत आणू नये." वकिलांची, व्यापाऱ्यांची, मोठ्या जमीनदारांची मुलं तिथल्या खाणावळीत जेवतात. आपण बाहेरचे. पाऊस आला की एका हातानं भाकर धरायची, दुसऱ्या हातानं डोक्यावर वही धरायची. घार भाकर उचलून नेते तेव्हा आतली मुलं खिडकीतून टाळ्या वाजवतात. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना, ज्यांना पोरं अजून निजामी सवयीनं मोहतमीमसाहेब म्हणतात, आम्ही विनंती केली. ते म्हणाले, "भोजनगृहात ठेच्याचा वास नको."

तुमच्या हाताचा वास त्यांना नको आहे.

रझाकार गेले, निजाम गेला, हैदराबाद संस्थान मोडलं, आपण मुंबई राज्यात आलो. दहा वर्षांत नकाशा दोनदा बदलला. पत्रा तोच आहे. औरंगाबादेत आपलं नवं विद्यापीठ निघालं, पेपरात फोटो आले, हारतुरे झाले. त्या विद्यापीठाच्या पोरानं बसून जेवावं कुठं, एवढं मात्र कुणी ठरवलं नाही.

म्हणून मी विद्यार्थी संघाच्या सरचिटणीसपदाला उभा आहे. मतदान शुक्रवारी, २६ तारखेला. सरचिटणीस भोजनगृहाच्या समितीवर बसतो आणि पुढं विद्यापीठाच्या संघावरही जातो. माझं मागणं एकच. डबे आत उघडायचे, आणि एका पंगतीत. ताडकळसच्या आश्रुबाचाही. तो पूर्वीच्या महारवाड्यातला, आता बौद्ध. आज तो पत्र्याखालीसुद्धा आमच्यापासून चार हात दूर बसतो. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

माझ्यासमोर तुमच्याच गावच्या बन्सीधरराव पाटलांचा राधाकिशन उभा आहे. मतं डबेवाल्या पोरांची जास्त आहेत. फ्रान्स देशात एकदा बाया भाकरीसाठी राजाच्या दारावर चालून गेल्या आणि राजाला ओढत राजधानीत घेऊन आल्या. तुम्हाला एवढं चालायचं नाही. पोरगं शनिवारी घरी आलं की त्याला एवढंच विचारा, "बाबा, तू जेवतोस कुठं?"

तुमचा
भुजंग

—

पोखर्णी
सोमवार, ८ सप्टेंबर

चि. भुजंगास दैवशालाअक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ओसरी भरली होती. वाचता वाचता माझा घसा बसला, तू लिहितोस तसं बोलायला फुफ्फुस लागतंय. घार भाकर नेती म्हनल्यावर छबूबाईनं पदर तोंडाला लावला. तिचा मुंजाजी दर शनिवारी येऊन सांगतोय, "माय, आमाला बसायला पाट हाय." तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय पाटाचं. आता कुनाला तोंड दाखवावं तिनं?

मनकर्णाकाकू म्हनल्या, "ठेच्याचा वास येतो म्हनला का? त्याच्या मायनं त्याला काय अत्तर लावून भाकर चारली होती?" लय हसल्या बाया.

फ्रान्सच्या बायांचं त्यांना पटलं न्हाई. काकूनं इचारलं, "त्या राजाच्या घरी गेल्या तर मागं जनावरांचं कोन बघितलं?" याचं उत्तर तुझ्या पुस्तकात असलं तर लिही.

एक सांगते, रागावू नको. आश्रुबाचं वाक्य मी वाचताना गाळलं. आधी पोरं आत बसू दे, मग ते बघता येतंय. एका घासात सगळी भाकर कोंबली की ठसका लागतोय.

शनिवारी पाटलाच्या आमराईत जेवनावळ हाय. आमाला कामाला जावं लागतंय. कशाचं जेवन ते काय मला म्हाईत न्हाई. तू शनिवारी येऊ नको, घरी कुनी नसनार. डब्यात मुगाची उसळ हाय, नवे मूग हायत, त्याच दिवशी खा.

तुझी
अक्का

—

परभणी
सोमवार, १५ सप्टेंबर

अक्का,

कशाचं जेवण ते तुला माहीत नव्हतं. मला आता माहीत झालं आहे.

राधाकिशननं डबेवाल्या सगळ्या पोरांना बैलगाड्या लावून आमराईत नेलं. पुऱ्या, बुंदी, वांग्याची भाजी. पोटभर वाढलं. पत्र्याखाली ज्यांच्याकडं त्यानं कधी वळून पाहिलं नाही, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "घ्या ना राव, लाजता काय," म्हणत वाढलं. आणि हात धुवून झाल्यावर थाळीत बेल-भंडार पुढं आला. एकेकानं बेलाचं पान आणि हळद उचलायची, पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "खाल्ल्या अन्नाला जागीन, मत राधाकिशनला देईन." पोटात बुंदी असताना कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी उचलला.

आश्रुबाला विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथं, पानावर वाढलं. थाळी त्याच्याकडं वळल्यावर पाटलाचा माणूस म्हणाला, "त्याचं राहू दे." ज्याला देवाचं नाव घेण्यालायक समजत नाहीत त्याच्याकडून शपथ कशी घेणार? आज सगळ्या कॉलेजात तो एकटा मोकळा मतदार आहे. अस्पृश्यतेचा एवढा फायदा आजवर कुणाला झाला नसेल.

मी आज सकाळी सायकलींच्या ओट्यावर उभा राहिलो. म्हणालो, बेल म्हणजे झाडाचं पान आहे. भंडार म्हणजे हळद आहे. ज्या देवानं खांब फोडून जुलमी राजाचं पोट फाडलं, तो देव पाटलाच्या पोराची मतं मोजायला बसलेला नाही. अर्धा तास बोललो. आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो, अक्का. समोर दगड बसले होते. शेवटी छबूबाईचा मुंजाजी उठला. म्हणाला, "भुजंगराव, तुमचं समदं खरं हाय. पण मी माझ्या मायचा एकुलता एक हाय." आणि खाली बसला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मी विचारलं, थाळी कुणाच्या हातात होती? आश्रुबानंच सांगितलं. व्यंकटीदाजींच्या.

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं माझ्या मतदारांच्या गळ्यात दोर बांधले आणि माझ्या बहिणीनं त्यांना पुऱ्या लाटून दिल्या. वर मला लिहिलंस, तू येऊ नको, घरी कुणी नसणार. खोटं बोलताना तुझं अक्षर जरासुद्धा हललं नाही. चवथीपर्यंत शिकून एवढं साधलं. आणखी शिकली असतीस तर पाटलांची दिवाण झाली असतीस.

आजचा डबा मी उघडलेला नाही. जसा आला तसा परत पाठवतो आहे, हे पत्र वर ठेवून. पाटलाच्या ताटाखालच्या घरातली भाकर मला नको. यापुढं डबा पाठवू नकोस.

भुजंग

—

पोखर्णी
बुधवार, १७ सप्टेंबर

भुजंग,

आशीर्वाद लिहीत न्हाई. तू नमस्कार लिहिला न्हाईस.

परवा सांजच्याला मोटार आली. मी डबा घ्यायला गेले. हातात घेतला तर जड. मला वाटलं, तू बाजारातून काही धाडलं असशील. मोटारीतून उतरलेल्या चार बाया उभ्या होत्या. त्यांच्यापुढं मी झाकन काढलं. माझीच भाकर. माझीच उसळ, आंबलेली. छबूबाईनं बघितलं आणि तोंड फिरवलं.

तू लय पुस्तकं वाचलीस. आपल्यात भरला डबा माघारी धाडला की त्याचा अर्थ काय होतो, हे कोनत्या पुस्तकात न्हाई का? आपल्याकडं नातं तोडायचं असलं तर भांडत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. अन्न माघारी धाडतेत. सोयरीक मोडायची असली तर पाहुन्याचं शिधासामान माघारी जातंय. माय मेल्यावर तुला मी माझ्या लेकराआधी घास दिला. आन तू मला गावाच्या मोटारीवर, चार बायांसमोर, मेलीस म्हनून सांगितलंस.

आता ऐक. तुझ्या दाजीनं थाळी धरली. धरली. आमी पाटलाची जमीन बटईनं करतोय. गेल्या तीन सालापासून तू जी ज्वारी खायलास ती त्याच जमिनीची हाय. तुझ्या भाषनाला जो आवाज लागतो तो त्याच भाकरीचा हाय. पाटलाच्या मानसानं येऊन सांगितलं, "व्यंकटी, थाळी तू धरायची. भुजंगाचा दाजी धरतोय म्हनल्यावर पोरं लवकर उचलतील." तुझ्या दाजीनं मान खाली घातली. घरी येऊन जेवले न्हाईत. मी तुला येऊ नको लिहिलं ते लपवायला न्हाई. तू आला असतास तर त्यांच्या हातातली थाळी उडवली असतीस, आन दुसऱ्या दिवशी आमचे बैल दुसऱ्याच्या दावनीला असते. मी पुऱ्या लाटल्या. लाटत असताना काय वाटलं ते तुला सांगून उपयोग न्हाई, तू वर उभा राहून बोलतोस, चुलीपुढं बसलेलं तुला दिसत न्हाई.

आन एक. पोरांना तू बेल म्हंजे पान म्हनलास. अरे येड्या, त्यांच्या मायांनी नवस करून त्यांना वाढवलंय. देव खोटा म्हनून कुनी शपथेतून सुटतंय का? बांधलेलं सोडायचं असलं तर ज्या गाठीनं बांधलं तीच गाठ उकलावी लागती. शपथ कशाची होती, नीट वाचलंस का तूच लिहिलेलं? देवाची न्हाई. अन्नाची. खाल्ल्या अन्नाला जागीन. आता अन्नाचा भार कसा उतरतो ते मनकर्णाकाकूला इचार, मला इचार, गल्लीतल्या कुन्या बी बाईला इचार. ज्याचं खाल्लं त्याला खाऊ घातलं की उतरतो. आन त्यानं आपलं अन्न लाथाडलं तर भार तर उतरतोच, वर नातं त्यानं तोडलं असं होतंय. मग त्याच्या अन्नाला जागायचं कारन उरत न्हाई. तू मला लाथाडलंस तेव्हा मला हे आठवलं. तेवढं तुझ्याकडनं मिळालं.

डबा आजपासून पाठवत न्हाई. हे पत्र मुंजाजीच्या डब्यातून यायलंय.

दैवशाला

—

परभणी
शुक्रवार, १९ सप्टेंबर

अक्का,

पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही.

तीन वेळा लिहून फाडलं. माझं चुकलं, एवढं एकच वाक्य राहिलं. बाकीचं मी येईन तेव्हा तुझ्या चुलीपुढं खाली बसून सांगीन. माझा राग गेलेला नाही, पण आता तो आपल्या घरात फिरत नाही. ज्याच्या दारात जायला हवा होता तिथं निघाला आहे. विचार कर, एका माणसाला मताची भीक मागायची आहे, आणि तो ती माझ्या दाजींच्या हातून, माझ्या बहिणीच्या पुऱ्यांतून, पोरांच्या आयांच्या नवसांतून उकळतो. स्वतःचं काही लावतो का तो? देव आमचा, भीती आमची, लाटणं आमचं. त्याची फक्त बुंदी.

तुझं पत्र मी मुंजाजीला वाचून दाखवलं, तू मला घातलेल्या शिव्यांसकट. तो म्हणाला, "अक्कानं म्हनलं तर मग ठीक हाय." अर्ध्या तासाचं माझं भाषण एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

पोरांनी ठरवलं आहे. बुधवारी, २४ तारखेला, राधाकिशनला आणि त्याच्या सोबत्यांना पत्र्यासमोर गोणपाटं अंथरून जेवायला बसवायचं. त्याच्या जेवणाची उतराई. सगळ्यांच्या डब्यांतल्या भाकरी एका धडप्यावर एका ढिगात. आश्रुबाची आई कडूबाई, तिची भाकरही त्याच ढिगात. आश्रुबानं आधी नकार दिला. म्हणाला, "तुमच्या उतराईत मला कशाला घेता? मी कुठं काय उचललं?" मी म्हणालो, "थारोळ्याजवळ का होईना, तू खाल्लंस." तो हसला. "म्हणजे भार उचलायला मला पंगतीत घेता तर." हे त्याचं बोलणं मला लागलं. तरी तो कबूल झाला.

राधाकिशननं जेवण केलं तर आम्ही मोकळे. नाही केलं तर आणखी मोकळे. बुधवारी प्रत्येक डब्यात एक भाकर जास्त हवी. आणि या वेळी, अक्का, आश्रुबाचं वाक्य गाळू नकोस. ढिगात कुणाची भाकर आहे हे माहीत असूनच बायांनी भाकर पाठवली पाहिजे. फसवून घेतलेल्या अन्नाची उतराई फसवून घेतलेल्या अन्नानं करायची नाही.

माझ्यासाठी डबा पाठव असं म्हणायचं तोंड मला नाही. मुंजाजीच्या डब्यात अर्धा वाटा आहे.

भुजंग

—

पोखर्णी
मंगळवार, २३ सप्टेंबर

चि. भुजंगास अनेक आशीर्वाद.

काकूच्या ओसरीवर काल परत बसलो. या वेळी सगळं वाचलं. आश्रुबाचं वाक्य आलं तेव्हा दोन बाया उठून गेल्या. एक म्हनली, "आमचं पोरगं त्यातलं खाईल का?" मी म्हनलं, "खाईल का न्हाई ते त्याला ठरवू दे, तू भाकर द्यायची का न्हाई ते तू ठरव." छबूबाई लय वेळ नखानं जमीन उकरत बसली. मग म्हनली, "माझं पोरगं पत्र्याखाली बसतंय हे मला कळलं तर माझ्या पोटात आग पडली. कडूबाईचं पत्र्याच्या बी पल्याड बसतंय. तिच्या पोटात काय पडत असंल?" मनकर्णाकाकू म्हनल्या, "मी दोन भाकरी जास्त टाकते. ज्या उठून गेल्या त्यांच्या वाटच्या."

बाया तुझ्यासाठी ओसरीवर जमतेत एवढं पाटलाला कळलं, उद्याच्या जेवनाचं न्हाई. कळनारच, गावात भिंतीला कान न्हाईत, तोंडं हायत. तुझ्या दाजीला बोलावनं आलं. ते जाऊन आले. काय झालं ते निवडनूक झाल्यावर सांगीन, तू मधी डोकं घालू नको. एवढंच सांगते, आज रातच्याला ते पोटभर जेवले. आमराईच्या दिवसापासून पहिल्यांदा.

उद्याचा डबा मोटारीवर ते स्वतः चढवनार हायत. तुझा डबा. त्यात ठेचा जास्त घातलाय. वास येऊ दे.

अक्का

—

परभणी
शनिवार, २७ सप्टेंबर

पोखर्णीच्या आयाबहिणींनो,

हे पत्रही सगळ्यांचं आहे. अक्का, ओसरीवर वाच. एक शब्द गाळू नकोस. याचीच दुसरी प्रत आश्रुबा आज ताडकळसला घेऊन गेला आहे, तिथल्या बायांसाठी आणि कडूबाईसाठी.

आधी बुधवारचं सांगतो. राधाकिशन आला. हसत आला, त्याला वाटलं पोरं शपथेला जागून मान द्यायला बोलावताहेत. गोणपाटावर मांडी घालून बसला. मुंजाजीनं पितळी पुढं ठेवली, भाकर ठेवली, उसळ वाढली. म्हणाला, "मालक, तुमचं खाल्लं, आता आमचं खा. उतराई हाय." राधाकिशननं भाकर मोडायला घेतली. तेवढ्यात त्याच्या शेजारच्यानं विचारलं, "यात आश्रुबाच्या डब्यातलं नाही ना?"

"हाय की," मुंजाजी म्हणाला.

"कोणती त्याची?"

"मालक, भाकरीला चिंधी बांधत न्हाईत."

राधाकिशननं हातातली भाकर खाली ठेवली. उठला. रांजणापाशी गेला आणि न जेवताच हात धुतले. सगळ्या कॉलेजनं पाहिलं. मुंजाजीनं ती मोडलेली भाकर उचलली, तिचा घास केला आणि चावत चावत म्हणाला, "सुटलो गड्यांनो." मग पोरं ढिगावर बसली. आपल्यातलेही काही उठून गेले. त्यांची नावं मी लिहीत नाही. ती तुम्हाला घरातच कळतील. आश्रुबा ढिगाच्या कडेला उभा होता. त्याला मुंजाजीनं हाताला धरून खाली बसवलं. बळेच. "बस की, का आवतनाला भट पाठवू?"

काल मतदान झालं. मी निवडून आलो. फार मतांनी नाही.

आता जे सांगतो त्यासाठी हे पत्र आहे. आज सकाळी समितीची बैठक झाली. पाटी काढायला मोहतमीमसाहेब तयार झाले. सोमवारपासून डबे आत उघडायचे. मी उठून आभार मानणार एवढ्यात ते म्हणाले, "एक डबा मात्र बाहेर राहील." मी विचारलं, आश्रुबाला आत येऊ देणार नाही का? ते हसले. त्यांना कायदा पाठ आहे. माणसाला अडवलं तर तीन वर्षांपूर्वीचा कायदा आडवा येतो. म्हणाले, "छे छे, त्याला कोण अडवतं? त्यानं खुशाल आत बसावं. डब्याचं मात्र स्वच्छतेच्या दृष्टीनं पाहावं लागतं." आणि दारावरच्या शिपायाला हुकूम दिला, यापुढं अड्ड्यावरून सगळे डबे एकत्र हातगाडीनं आणायचे आणि दारातच निवडायचे. निळ्या चिंधीचा डबा पत्र्याखाली ठेवायचा.

कडूबाईच्या लुगड्याची चिंधी. तिनं ती लेकाला आपला डबा ओळखू यावा म्हणून बांधली. आईच्या मायेची खूण घेऊन हा माणूस तिच्याच पोराला दाराबाहेर काढतो आहे. एवढं शहाणं पाप मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मी त्यांच्याशी भांडलो. टेबलावर हात आपटला. ते शांतपणे चहा पीत राहिले. माझ्या ओरडण्यानं त्यांचा हुकूम बदलणार नाही. तुमच्या हातानं बदलेल.

पोरांशी मी बोललो आहे. सोमवारी कुणी आपला डबा शोधणार नाही. जो डबा ज्याच्या हाती येईल तो त्यानं उघडायचा आणि त्यातलं खायचं. छबूबाई, तुमची भाकर आश्रुबाच्या तोंडी जाईल, कडूबाईची मुंजाजीच्या. हे मी आडून सांगत नाही, सरळ सांगतो, कारण यात फसवणूक नको. ज्या बाईला हे जमणार नाही तिनं खुशाल चिंधी बांधावी. मी तिच्या दारात येऊन भाषण करणार नाही. फक्त मग तिनं राधाकिशनला हसू नये. त्यानं रांजणावर हात धुतले, ती चुलीपुढं धुते आहे, एवढाच फरक.

दाजींची बटई गेल्याचं मला मुंजाजीनं सांगितलं. अक्का, तू निवडणुकीनंतर सांगणार होतीस. ज्या माणसाला थाळी धरायला लावली, त्यानं स्वतःच्या हातानं डबा मोटारीवर चढवला आणि जमीन गमावली. या निवडणुकीत सगळ्यात मोठं मत त्यांनी टाकलं, आणि त्यांचं नाव मतदारांत नाही. हे ओसरीवर मुद्दाम वाच, दाजी आडोशाला उभे असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

बायांनो, सोमवारी पहाटे भाकरी थापून होतील. डबा भरून होईल. झाकण बसेल. मग सवयीनं तुमचा हात लुगड्याच्या धांदोटीकडं जाईल. तो तिथंच थांबवा. डब्याला चिंधी बांधू नका. मोकळ्या कडीचा डबा मोटारीवर चढवा.

तुमचा
भुजंग